जावयांचं तापट यंत्र

४ मार्च, बुधवार

यंत्र परत आलं. दोघा हमालांनी धापा टाकत मागच्या खोलीत आणून टेकवलं. आत दगड भरलेत का, असं एकाने विचारलं. जावई हसले नाहीत. एरवी हसले असते.

रेडिओवरच्या म्हाताऱ्या निवेदकांकडे ते बसवून आठवडाही झाला नव्हता. टेपमधला बारीकसा आवाज घ्यायचा आणि मोठ्या स्पीकरला पेलेल इतका वाढवायचा, एवढंच या ॲम्प्लिफायरचं काम. पण तिथे तो रोज तासाभरात आपोआप बंद पडायचा. फार तापला की जीव वाचवायला बंद व्हावं, अशी सोय जावयांनीच त्यात केली आहे. म्हणजे सोय चालली, बाकी सगळं फसलं.

दुपारी जोडून चालू करून ठेवला होता. मी सहज पत्र्याला हात लावला. चटका! आणि गाणंबिणं काही नाही, नुसता चालू. मी विचारलं, गप्प बसून इतका तापतो तर गायला लागल्यावर काय करील?

"गायला लागला की जरा निवतो, आई," जावई म्हणाले. "गप्प असतो तेव्हाच सगळ्यात जास्त तापतो."

मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हते करत. खाली बसून नीट समजावून सांगितलं. बाकीची यंत्रं लागेल तेवढीच वीज घेतात. याच्यातून मात्र प्रवाह सतत वाहता ठेवायचा, सूर असो वा नसो. नळ सोडून ठेवावा तसा. सूर आला की त्यातलं थोडं स्पीकरकडे जातं. नाही आला तर सगळ्याची उष्णता. हे कशासाठी? तर आवाज निर्मळ यावा म्हणून.

उधळपट्टी! मी उमेदीची सगळी वर्षं शीतगृहात काढली. फळं-बटाटे थंड ठेवायचे, उष्णता बाहेर काढायची, हाच माझा धंदा. असलं यंत्र माझ्याकडे कोणी आणलं असतं तर फाटकातूनच परत धाडलं असतं. पण सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. तान्ह्या बाळाचं कौतुक सांगावं तसं सांगत होते. रात्रीचं जेवण मात्र अर्धंच संपवलं.

७ मार्च, शनिवार

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने जिन्यात गाठलं. "काय म्हणतो तुमचा घरजावई?" मी म्हटलं, जावयाला दहावा ग्रह म्हणतात ना, आमचा मागच्या खोलीतच फिरतो. कुणाच्या राशीला येत नाही.

तिला काय सांगू? लेक पुलांच्या कंपनीत. थंडीच्या सुरुवातीला तिची बदली लांबच्या कामावर झाली, तंबूवजा खोलीत राहायचं. मग दोघांची भाड्याची जागा सोडली, आणि लेक म्हणाली, "याला तुझी मागची खोली दे, याची यंत्रं मावतील." मी दिली. मला वाटलं होतं, जावई म्हणजे रोज पाहुणचार. तसं झालं नाही. स्वतःचं ताट स्वतः घासतात. माझ्या न्हाणीघराचा गळका नळ न सांगता दुरुस्त झाला, तोही मी बाहेर गेलेले असताना.

लिफ्टच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून हे सुरू केलं आहे. तिथल्या साहेबांनी जागा अजून कोणाला दिलेली नाही, एप्रिल संपेपर्यंत वाट बघतो म्हणालेत. इकडे गावातला नावाजलेला ऑडिओवाला दुकानदार म्हणतो, निवेदकांकडे हा नीट चालला आणि त्यांनी हो म्हटलं तर पुढचे सगळे मी विकतो. त्या वर्तुळात निवेदकांच्या कानाचा शब्द शेवटचा. म्हणजे सगळं या एका डब्यावर.

मी आज माझं डोकं चालवलं. म्हटलं, पंखा बसवा. मागून हवा आत, पुढून बाहेर. दुसरा कुणी म्हणाला असता, तुम्हाला यातलं काय कळतं. जावयांनी कागद पुढे सरकवला, "दाखवा, कुठे?" संध्याकाळपर्यंत पंखा बसलासुद्धा. यंत्र गार! मी दोनदा चहा केला.

८ मार्च, रविवार

पंख्यासकट निवेदकांकडे गेलो. मीही गेले. पंखा माझा ना!

दार उघडून "या" म्हणाले आणि मी उंबऱ्यातच थांबले. तो आवाज! आम्ही लहानाचे मोठे झालो त्या आवाजावर. रेडिओवर बातम्या तेच, मैफलीची माहिती तेच. आता छाती कमजोर झाली आहे, दोन वाक्यांनंतर थांबावं लागतं. वारा सोसत नाही म्हणून खोलीच्या खिडक्या कायम बंद. आत पाऊल टाकताच मला घाम फुटला. आणि ॲम्प्लिफायर ठेवायची जागा कुठली, तर लाकडी कपाटात, दारं लावून. शीतगृहाच्या बरोबर उलट!

त्यांनी टेप लावली. बायकोची. ती व्हायोलिन वाजवायची, घरातच, कुणासाठी नाही. हे दाराआड माइक धरून उभे राहायचे. वाजवायला घेण्याआधी ती एक श्वास घेते, मग सूर. तो श्वास ऐकायला त्यांना हे यंत्र हवं आहे. आधीच्या कुठल्याच यंत्रात तो आला नव्हता, जावयांच्या यंत्रात पहिल्यांदा आला.

आज टेप फिरली. निवेदक डोळे मिटून बसले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र माझ्या बायकोच्या आधी श्वास घेतं."

मी कान दिला. खरंच. घरी मला पंख्याचा आवाज ऐकूच आला नव्हता, इथे दुसरं काही ऐकू येईना. जावयांनी तिथेच स्क्रू काढून पंखा बाहेर घेतला. माझ्यावर ढकललं नाही. "आम्ही दुसरं काहीतरी बघतो," म्हणाले. आम्ही.

१३ मार्च, शुक्रवार

उष्णता कमी करायचा सोपा मार्ग आहे, प्रवाहच कमी करायचा. मी परवापासून तेच म्हणत होते. नळ थोडा बंद करा की! आज जावयांनी करून दाखवलं. यंत्र कोमट झालं. मी म्हटलं, संपलं काम.

"ऐका," म्हणाले. मला स्पीकरसमोर बसवलं. व्हायोलिनची एकच टेप, आधी पूर्ण प्रवाहावर, मग कमी केलेल्या. मला दोन्ही सारखीच वाटली. पुन्हा लावलं. पुन्हा सारखीच. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं बोट वर केलं, वाजवणारीने जोर लावला त्या जागी. आणि तिथे काहीतरी होतं. रेशमाला नख अडकावं तसं. एकदा ऐकलं आणि मग दर वेळी ऐकू यायला लागलं. आता कायमचं येणार, माझं मेलीचं नशीब!

ते म्हणाले, दोन हमाल मिळून एक ओझं नेताहेत असं समजा. आत्ता दोघांचेही हात सतत ओझ्याखाली आहेत. प्रवाह कमी केला की जड जागी एकजण हात काढून घेतो, दुसऱ्यावर सोपवतो. सोपवताना ओझं हिसकतं.

"मग दोघांनीही धरूनच ठेवायचं?"

"धरून ठेवायचं," म्हणाले. "घाम येणारच. घामाचं काय करायचं ते आपण बघायचं."

शीतगृहातल्या मोठमोठ्या साहेबांनी मला इतक्या सोप्या भाषेत काही सांगितल्याचं आठवत नाही. लेकीला फोन करून सांगितलं, तुझा नवरा शिक्षक व्हायला हवा होता. ती "हं" म्हणाली. साइटवर होती, मागे यंत्रांचा गोंगाट.

१६ मार्च, सोमवार

आज जळालं.

निवेदकांच्या कपाटाएवढं खोकं करून यंत्र त्यात ठेवलं होतं. काय होतं ते बघू, म्हणून. मी शेजारी बसून मटार सोलत होते. आधी वास आला, गरम वार्निशसारखा. मग फट्. यंत्र बंद झालं, पण उशिरा. एका बाजूचा ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाज वाढवणारा मुख्य तुकडा, गेला होता.

ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा, जावई सांगतात, की तापला की तो जास्त प्रवाह ओढतो. जास्त ओढला की आणखी तापतो. आवरलं नाही तर स्वतःच्याच आगीत जातो. आमच्या थोरल्या काकांसारखा! त्याला आवरायला एक चिमुकला पहारेकरी असतो, तो ताप बघून प्रवाह कमी-जास्त करतो. तो होता की जागेवर. मग त्याला कळलं कसं नाही?

जावई जळक्या यंत्राशेजारी फरशीवर आडवे झाले. मला वाटलं, खचले. मी पाणी घेऊन आले, तर ते गाल फरशीला टेकवून खालून वर बघत होते.

"आई, डोकं तापलंय आणि आपण तळपायाला हात लावून ताप बघतोय."

पहारेकरी बसवला होता हीटसिंकच्या खालच्या कडेला. हीटसिंक म्हणजे यंत्राच्या बाजूला असलेला तो ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा भाग, आतली उष्णता तिथूनच हवेत जाते. खालून गार हवा येते, म्हणून खालची कड नेहमीच गार. ट्रान्झिस्टर वर भाजतोय आणि पहारेकरी खाली सावलीत बसून सगळं आलबेल म्हणतोय.

दुसरा माणूस आदळआपट करतो. हे शिट्टी वाजवत जळका भाग काढायला बसले. मटार तसेच राहिले.

१७ मार्च, मंगळवार

पहारेकरी आता थेट ट्रान्झिस्टरच्या पाठीवर. सगळं पुन्हा जुळवलं. जळत नाही. पण खोक्यात अजूनही तापून बंद पडतंच.

२१ मार्च, शनिवार

आजचा दिवस सविस्तर लिहायचा आहे.

गेले काही दिवस माझ्या डोळ्यांत ती पाती खुपत होती. कंगव्यासारखी दाट. जितकी पाती जास्त, तितका पृष्ठभाग जास्त, तितकी उष्णता बाहेर. हिशेब बरोबर आहे. पंखा असता तर बरोबरच होता, जोराने हवा आत घुसली असती. पण पंखा नाही. हवेने आपल्या पायांनी चढायचं आहे, गरम होऊन, हलकी होऊन. आणि मला आमचं शीतगृह आठवलं. नवा मुकादम यायचा, जागा वाचवायला फळांच्या पेट्या भिंतीसारख्या एकीला एक लावायचा. गार हवा बाहेरून फिरून जायची आणि मधल्या पेट्या सडायच्या. पेट्यांमध्ये हात जाईल इतकी फट ठेवायची, हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.

जावयांना म्हटलं, मला वाटतं हवा आत शिरतच नाहीये. ते म्हणाले, बघायचं कसं? मी काडी पेटवली, फुंकून विझवली आणि तिचा धूर पात्यांच्या खाली धरला.

धूर वर आला, पात्यांपाशी पोचला आणि बाजूने निघून गेला. बंद दार बघून पाहुणा परत फिरावा तसा.

जावयांनी वाकून पात्यांमधून डोकावलं. मग म्हणाले, पात्यांमधली हवा दोन्ही बाजूंना चिकटून बसली आहे, मधे वाट उरली नाही. आणि कपाटातून करवत काढली. मी म्हटलं, थांबा, नवा मागवू, विरळ पात्यांचा. यायला महिना लागेल, म्हणाले, आणि लोखंडी पकडीत हीटसिंक आवळला. एक सोडून एक पातं कापायचं. महिने घालवून त्यांनी ही पाती घासूनपुसून काळीभोर केली होती, आरशात बघावं तसं त्यांत बघायचे. त्यांनी पहिल्या पात्याला करवत लावली तेव्हा मी तोंड फिरवलं. त्यांचा हात हलला नाही. माझं म्हणणं चुकलं असतं तर? हा विचार माझ्या मनात आला, त्यांच्या आला असेलच. बोलून नाही दाखवला.

दुपारभर करवत. मी पाती धरली, त्यांनी कापली. दोघांच्या केसांत ॲल्युमिनियमची चमकी. शेजारीण डोकावून म्हणाली, भांडी बनवताय का?

यंत्र पुन्हा जोडलं, तापू दिलं. मी काडी विझवून खाली धरली. धूर क्षणभर तिथेच घुटमळला. मग आत ओढला गेला आणि पात्यांच्या मधून सरळ, संथ, वर. दोरा ओवावा तसा. वरून बाहेर पडून छताकडे.

दोघंही काडीमागून काडी पेटवत बसलो. काड्यापेटी संपली. इतकं देखणं मी माझ्या उभ्या नोकरीत काही पाहिलं नाही. आणि ते करवत घेणारे हात! लोक डिग्र्यांचं कौतुक करतात. स्वतःची चूक स्वतःच्या हाताने कापून काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

२२ मार्च, रविवार

हात ठेवला. चटका नाही. ऊब आहे, तापलेल्या दगडी कठड्यासारखी. काढावासा वाटला नाही.

२९ मार्च, रविवार

लेक एका दिवसासाठी आली. उन्हाने रापली आहे, हातांना घट्टे. मला बरं वाटलं आणि वाईटही. तिने खोलीच्या दारात उभं राहून सगळं बघितलं. जावयांनी धूर दाखवला. "छान झालंय," म्हणाली, अगदी मनापासून. मग माझ्याकडे वळून, "आई, तू किती वर्षांनी अशी दिसतेयस." कशी, ते नाही सांगितलं. तिचे बाबा गेल्यापासून मी कशी दिसत होते देव जाणे.

दुपारी दोघं फिरायला गेली. जावई आधी आले, ती मागून. तिचे फोन संपत नाहीत, साइट म्हणजे दुसरा संसार. जेवताना दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने वागतात की मला कौतुक वाटतं. आम्ही नवराबायको तर मिठावरून भांडायचो.

२ एप्रिल, गुरुवार

कपाटाचा प्रश्न राहिला होता. बंद दाराच्या कपाटात हवा येणार कुठून? वर आणि खाली भोकं पाडायला हवीत. जावयांनी विचारायचं टाळलं, म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या घरातल्या वस्तूला कसं म्हणू, कापा म्हणून. स्वतःचं यंत्र कापताना काही वाटलं नव्हतं! मग मी विचारलं.

निवेदक म्हणाले, कपाट तिने हौसेने करून घेतलं होतं. तिला यंत्रं नजरेसमोर नको असायची. "घर आहे का कारखाना" म्हणायची. बोलून दम घेतला. मी म्हटलं, राहू द्या, आम्ही दुसरं बघतो.

ते उठले, कपाटाजवळ गेले, दार उघडून आत बघत राहिले. मग म्हणाले, "कापू नका. यंत्र बाहेर ठेवा. तिच्या टेपा आत ठेवू. इतकी वर्षं त्या खोक्यात पडल्यात आणि यंत्राला कपाट, हे उलटंच झालं होतं."

जावयांनी टेपा एकेक करून फडक्याने पुसून कपाटात लावल्या. निवेदक नुसतं सांगत होते, ही खिडकीशी वाजवलेली, ही आजारपणानंतरची. मी भिंतीपासून किती अंतर सोडायचं ते बघितलं. यंत्राला उंच पाय लावायचे ठरले, खालून हवा शिरायला.

८ एप्रिल, बुधवार

शनिवारी परीक्षा. दुकानदार येणार. उन्हाळा असा तापलाय की कुत्री गाडीखालून हलत नाहीत. जावयांना विचारलं, गार दिवस बघून करायचं का? "गार दिवशी चाललं तर त्याचं कौतुक काय, आई?"

लेकही येते म्हणाली. रजा काढून! मला बरं वाटलं.

११ एप्रिल, शनिवार

रात्र झाली आहे, पण आजच लिहिते.

सकाळीच यंत्र चालू केलं. आणि काही वाजवायचं नाही, असं जावयांनी सांगितलं. दुकानदार बुचकळ्यात. "ऐकायला बोलावलंत ना?" त्यांना समजावलं की गप्प असताना याची खरी कसोटी. मग आम्ही पाचजण त्या बंद खोलीत एका गप्प यंत्राभोवती बसलो. निवेदक, दुकानदार, लेक, जावई, मी. खिडक्या बंद, बाहेर वणवा. दुकानदार रुमालाने मान पुसत होता. लेक भिंतीला टेकून, जावयांकडे बघत. निवेदकांनी जुन्या रेडिओच्या गोष्टी सांगितल्या. एकदा बातम्या वाचताना समोर मांजर येऊन बसलं आणि हे शिंक दाबून वाचत राहिले, ती गोष्ट. सगळे हसले. जावई हसले नाहीत, त्यांचे कान यंत्राकडे.

दुपार कलली. यंत्र बंद पडलं नाही. जावयांनी दुकानदाराला म्हटलं, हात ठेवा. त्याने आधी बोट लावलं, मग पंजा, आणि पंजा तिथेच राहिला. "हे सकाळपासून चालू आहे?" असं त्याने मला विचारलं. जणू जावई खोटं सांगतील!

मग निवेदकांनी टेप निवडली. खिडकीशी वाजवलेली.

काही नाही. काहीच नाही. म्हणजे इतकं काहीच नाही की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं. मग तो श्वास. आमच्यापैकी कुणीतरी घेतला असं वाटून दुकानदाराने मान वळवली. आणि सूर. जोराची जागा आली, मी नखाची वाट बघत होते. रेशीम सलग निघून गेलं.

संपल्यावर निवेदकांनी टेप थांबवली. बोलले ते त्यांच्या रेडिओच्या आवाजात, छातीतला दम विसरून. "मी दाराआड उभा होतो तेव्हासुद्धा मला हे इतकं ऐकू आलं नव्हतं." जावयांचा हात हातात घेतला. "कुणी विचारलं तर मी काय सांगायचं ते मला कळलंय."

दुकानदाराने जाताना विचारलं, पुढचा कधी मिळेल. लिफ्टवाल्या साहेबांनी खुशाल दुसरा माणूस घ्यावा!

लेकीचे डोळे भरले होते. मला म्हणाली, "आई, त्याला हे मिळालं. मला फार बरं वाटतंय." घरी येताना ती माझा हात धरून चालली, लहानपणी धरायची तसा. जावई पुढे, रिकामी टेपची खोकी काखेत. या माणसाकडे बघून मला वाटलं, आपलं घर किती श्रीमंत झालं.

१२ एप्रिल, रविवार

उशिरापर्यंत झोपले. घरात तिघं. किती दिवसांनी.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळच्या चहाला लेकीने सांगितलं, ती दोघं वेगळी होताहेत. ठरलं होतं थंडीतच. यंत्र पुरं होईपर्यंत मला सांगायचं नाही, हेही दोघांनी मिळून ठरवलं होतं. कुणाचं काही चुकलं नाही म्हणाली. "आम्ही चांगले आहोत, आई. एकमेकांचे नाही, इतकंच." अकराच्या गाडीने ती गेली. जावई स्टेशनवर पोचवायला गेले. तिची बॅग त्यांनीच उचलली.

परत येऊन मागच्या खोलीत आवराआवर करू लागले. मी दारात उभी. "या आठवड्यात खोली मोकळी करतो," म्हणाले. "आई" म्हणायला तोंड उघडलं, आणि तो शब्द घशातच ठेवून खाली वाकून वायर गुंडाळू लागले.

मी म्हटलं, "ती वायर आहे तिथे ठेव. दुकानदाराला दुसरं यंत्र द्यायचंय. आधी हात धू आणि जेवायला चल."

बोलून गेले, मग लक्षात आलं. आजवर त्यांना मी कधी एकेरी बोलले नव्हते. त्याला.